रिपोर्टचा आकडा वाढला, आता काय?

"रोज गोळी देते, तरी आकडा वाढलाच. म्हणजे औषध लागू पडेनासं झालं ना?" चौदा वर्षांच्या मुलाची आई विचारत होती. मुलाला क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमिया, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग; दीड वर्षापासून त्यावरची गोळी इमॅटिनिब, रोज 400 मिलिग्रॅम. बीसीआर-एबीएल (आजाराचा अंश किती उरला ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) 0.08 टक्क्यांपर्यंत उतरलं होतं, यंदा 0.4 आलं. ब्लास्ट क्रायसिस, म्हणजे या आजाराच्या सर्वात गंभीर टप्प्याबद्दल वाचून तिची झोप उडाली होती.

वर्षभरात 0.1 किंवा त्याखाली येणं हे उपचाराचं उद्दिष्ट असतं. ते गाठून पुन्हा 0.4 होणं दुर्लक्ष करण्यासारखं नाहीच. पण ब्लास्ट क्रायसिसमध्ये रक्तात अपक्व पेशींची गर्दी होते. या मुलाचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) व्यवस्थित होता. डॉक्टरांनी महिन्याभराने पुन्हा तपासणी सांगितली होती, आणि ते योग्यच होतं.

गोळी कशी देता, हे मी आईला खोदून विचारलं. सकाळी दप्तराशेजारी ठेवते, तो घेतो. गिळताना बघता? नाही.

मुलाशी वेगळं बोलणं झालं. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळायचं, एकदा स्कूलबसमध्ये मित्रांदेखत उलटी झाली. तेव्हापासून शाळेच्या दिवशी गोळी खिशात. तब्येत ठणठणीत वाटत असताना या वयात असं सर्रास होतं. अडचण अशी की हे औषध आजार वाढवणाऱ्या बीसीआर-एबीएल प्रथिनाचं काम थोपवून धरतं, आजाराच्या सगळ्या पेशी संपवत नाही. खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात.

आईला हे सांगताना एकच अट घातली: आरडाओरडा नाही. डॉक्टरांना विचारून गोळी रात्रीच्या जेवणासोबत आणली, वर मोठा ग्लासभर पाणी. गिळवत नसेल तर 400 ची गोळी 200 मिलिलिटर पाण्यात किंवा सफरचंदाच्या रसात विरघळवायची, ढवळून लगेच प्यायची. तळाशी साका उरला तर पुन्हा थोडं पाणी घालून तोही. एखादी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. उलटी झाली तर आपल्या मनाने परत द्यायची नाही. ग्रेपफ्रूट बंद, जडीबुटीचं काहीही विचारल्याशिवाय नाही. कॅलेंडरवर खूण मुलाने करायची, आईने फक्त गिळताना बघायचं. (उंचीची नोंदही ठेवायला सांगितली, या औषधावर काही मुलांची वाढ मंदावते.)

"आणि तरीही नाही उतरला आकडा तर?" तर जनुकीय बदलाची तपासणी होते, डासाटिनिब किंवा निलोटिनिब या दुसऱ्या औषधांचा विचार होतो. 2001 मध्ये इमॅटिनिब येण्याआधी बोन मॅरो ट्रान्सप्लांटवरच मुख्य भिस्त होती; आता बहुतेक मुलांवर ती वेळच येत नाही.

चुकलेल्या गोळ्यांचं डॉक्टरांना मुलाने स्वतःच सांगितलं. त्यामुळे औषध बदलण्याची घाई झाली नाही. नियमित महिनाभर गोळी घेऊन मगच रक्त द्यायचं ठरलं.