दाणा थोडा, भांडं स्वच्छ

थंडी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पक्ष्यांच्या दाण्यापाण्याचे प्रश्न एकदम वाढतात. त्यातले काही इथे घेतले आहेत. दुसऱ्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे. बाकीचं काही वाचलं नाहीत तरी तेवढं वाचा.

आम्ही इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. बाल्कनीत फीडर टांगायचा आहे, पण पक्षी काचेवर आपटतील अशी भीती वाटते. खायला काय घालावं?

फीडर जरूर टांगा, पण काचेला अगदी लागून, एक मीटरच्या आत. इतक्या जवळून उडालेल्या पक्ष्याला वेग यायला वावच नसतो, त्यामुळे आपटला तरी सहसा निभावतं. दहा मीटरच्या पलीकडे टांगला तरी चालतं, पण बाल्कनीत तेवढी जागा कुठून आणणार? सर्वांत घातक असतं ते मधलं अंतर. काचेवर एखादंच स्टिकर लावून उपयोग होत नाही. ठिपके किंवा पट्ट्या बाहेरच्या बाजूने आणि दाट लावाव्या लागतात.

खायला सूर्यफुलाच्या काळ्या बिया सर्वांत चांगल्या. टरफल पातळ आणि आत तेल भरपूर. दहा-बारा ग्रॅमचा पक्षी दिवसभरात जेवढी चरबी साठवतो, त्यातली बरीचशी लांबलचक रात्रीत अंग ऊबदार ठेवण्यातच खर्ची पडते. उत्तर अमेरिकेतला चिकडी तर इंधन वाचवण्यासाठी रात्री शरीराचं तापमान दहा-बारा अंशांनी खाली आणतो. म्हणून दाणा घालायचा तो उजाडताना आणि शक्य असल्यास अंधार पडण्याच्या तास-दोन तास आधी. गोल्डफिंचसारख्या बारीक चोचीच्या पक्ष्यांसाठी कारळे उत्तम.

शेंगदाणे घालायचे तर बिनमिठाचे, न भाजलेले आणि खात्रीचे. बुरशी आलेल्या शेंगदाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि लहान पक्ष्याला ते झेपत नाही. कुबट वास आला की सरळ फेकून द्या. पावाने पोट भरतं पण ताकद मिळत नाही. खारट काहीही नको. डाळींचे तुकडे घातलेली स्वस्त मिश्रणं घेऊ नका. लहान पक्षी तो माल खाली टाकतात, त्यावर पारवे जमतात आणि मग खालच्या मजल्यावरून तक्रार येते. ती तक्रार रास्तच असते. फीडरखाली ताट लावा आणि दिवसभरात संपेल एवढंच घाला.

बागेतल्या फीडरवर एक हिरवट पक्षी कालपासून पिसं फुगवून बसला आहे. जवळ गेलं तरी उडत नाही. थंडीने गारठला असेल का? जास्त खाणं ठेवू का?

नाही. जास्त खाणं ठेवू नका. आजच फीडर उतरवा.

गारठलेला पक्षीही पिसं फुगवतो, पण माणूस जवळ आला की उडतो. जो उडत नाही तो आजारी आहे असंच धरून चाला. त्याची चोच नीट बघा. तो दाणा उचलतो, चोचीत घोळवतो, पण गिळत नाही, आणि शेवटी लाळेने ओला झालेला दाणा खाली पडू देतो. चोचीभोवतीची पिसं चिकट दिसतात. ही ट्रायकोमोनास या परजीवीच्या आजाराची लक्षणं आहेत. घशात गाठी येतात, अन्न उतरत नाही आणि पक्षी भरल्या ताटावर उपाशी मरतो. तो खाली पडलेला ओला दाणा पुढच्या मिनिटाला दुसरा पक्षी उचलतो. रोग पसरायला एवढं पुरतं.

मी इतक्या कळकळीने हे का सांगते आहे? ब्रिटनमध्ये 2005 साली हा रोग फिंच या दाणे खाणाऱ्या लहान पक्ष्यांत पहिल्यांदा दिसला आणि पुढच्याच वर्षी त्याची मोठी साथ आली. बागाबागांत दिसणारा ग्रीनफिंच इतका घटला की 2021 साली तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत त्याचं नाव गेलं. अमेरिकेत 1994 साली हाउस फिंचमध्ये डोळे सुजवणारा जिवाणूचा आजार आढळला आणि थोड्याच वर्षांत तो देशाच्या पूर्व भागात पसरला. तिथेही फीडरचा हात होता. रानात हे पक्षी पांगून खातात. आपण त्यांना एका दांडीवर, एकाच भोकाशी आणतो. गर्दी आपण जमवली, तर तिथली स्वच्छताही आपलीच जबाबदारी.

आता करायचं ते असं. किमान दोन आठवडे सगळे फीडर बंद ठेवा, पाण्याचं भांडंही रिकामं करा. पक्षी पांगू द्या. फीडरचे सगळे भाग सुटे करा. नळीच्या फीडरचं बूड उघडलंत की तळाशी ओल्या भुश्शाचा काळपट, घट्ट थर सापडेल, कधी त्यात मोड आलेली बीसुद्धा. वरून भांडं कितीही लख्ख दिसलं तरी घाण इथे असते. बाटल्या धुवायच्या ब्रशने हा थर खरवडून काढा, साबणाच्या गरम पाण्याने धुवा, मग एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी या प्रमाणात बुडवून ठेवा, खळखळून विसळा आणि पूर्ण वाळवा. वाळवणं विसरू नका, कारण हा परजीवी कोरड्यात टिकत नाही. खाली सांडलेले दाणे झाडून घ्या. कामासाठी वेगळा ब्रश आणि हातमोजे ठेवा. पक्ष्यांमधला हा ट्रायकोमोनास माणसाला होत नाही, पण पक्ष्यांच्या विष्ठेतल्या साल्मोनेला जिवाणूचा आजार होतो.

पुन्हा सुरू कराल तेव्हा दर आठवड्याला हीच धुलाई, आणि अधूनमधून फीडरची जागा बदला. दाणा घालायला सपाट ताटली वापरू नका, तिच्यात दाणा, लाळ आणि विष्ठा एकत्र होतात. आणि स्पष्टच सांगते, आठवड्याला धुणं जमणार नसेल तर फीडर लावू नका. फक्त पाणी ठेवा, तेही रोज बदलून. पाणी गोठू नये म्हणून त्यात मीठ किंवा गाडीचं अँटिफ्रीझ घालणारे लोक आहेत. दोन्ही विषारी आहेत. सकाळी बर्फ काढून कोमट पाणी ओता, पुरे.

ऐन थंडीत पंधरा दिवस बाहेर जायचं आहे. आमच्यावर अवलंबून असलेले पक्षी मरतील का?

निर्धास्त जा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये चिकडी पक्ष्यांवर झालेलं काम यासाठी वाचण्यासारखं आहे. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फीडर मिळालेल्या पक्ष्यांपैकी 69 टक्के हिवाळा तरले, न मिळालेल्यांपैकी 37 टक्के. फरक पडला तो कडाक्याच्या थंडीच्या महिन्यांत. पुढे त्याच संशोधकांनी वर्षानुवर्षं फीडर असलेल्या ठिकाणचे फीडर काढून घेतले आणि तिथल्या पक्ष्यांची तुलना कधीच फीडर न पाहिलेल्या पक्ष्यांशी केली. जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं. पक्षी शोधून खाणं विसरत नाहीत. फक्त हिमवादळ चालू असताना एकाएकी बंद करू नका.

माझी शेती आहे. शहरातले लोक फीडर लावतात, आम्ही शेतात काय करावं?

तुमच्या हातात फीडरपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये 1970 पासून शेतशिवारातल्या पक्ष्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. त्याचं एक मोठं कारण म्हणजे धान्याची पेरणी वसंतातून शरदात आली. पूर्वी कापणीनंतरची धसकटं हिवाळाभर तशीच राहायची, आणि सांडलेलं धान्य व तणांचं बी चंडोल, लिनेट, यलोहॅमर या पक्ष्यांना पुरायचं. आता कापणी होते न होते तोच नांगर फिरतो.

एखादा तुकडा वसंतापर्यंत न नांगरता, तणनाशक न मारता सोडता आला तर सोडा. कुंपणाची झुडपं फळं संपेपर्यंत छाटू नका, गळालेली सफरचंदं उचलू नका, ती कस्तुर पक्षी खातात. खरा उपवास हिवाळ्याच्या शेवटी पडतो. बी संपलेलं असतं आणि किडे अजून आलेले नसतात. दाणा टाकायचाच असेल तर तेव्हा टाका, बांधाच्या कडेने लांबवर विखरून. ढीग केलात तर उंदीर येतात.

खाणं घातल्याने स्थलांतर बदलतं का?

काही जातींत बदललं आहे. मध्य युरोपातले बरेचसे ब्लॅककॅप नावाचे लहान पक्षी हिवाळ्यात नैऋत्येला जायचे. आता त्यांतले काही ब्रिटनच्या बागांत थंडी काढतात. ब्रिटनकडे जाण्याची ही दिशा त्यांच्या पिल्लांत जन्मजात उतरते हे 1992 साली दाखवलं गेलं. सौम्य हिवाळे आणि बागेतलं खाणं, दोन्हींचा त्यात वाटा आहे.

मी दाणा घातला आणि शिकारी पक्ष्याने येऊन एका चिमणीला नेलं. माझ्यामुळे ती मेली का? (इयत्ता पाचवी)

नाही बाळा. तुला वाईट वाटलं, ते साहजिक आहे. पण त्या शिकारी पक्ष्यालाही थंडीत भूक लागते. त्याची निम्म्याहून जास्त पिल्लं पहिलं वर्षही पुरं करत नाहीत. तुझ्या फीडरपाशी पक्षी जास्त जमतात म्हणून तो तिथे आला, एवढंच. चार-पाच दिवस दाणा बंद ठेव, म्हणजे तो दुसरीकडे जाईल. मग घरातल्या मोठ्यांना सांगून फीडर दाट झुडपापासून दोनेक मीटरवर हलव. धोका दिसताच चिमण्यांना झुडपात शिरता येईल, आणि झुडपाखाली दबा धरून बसलेलं मांजरही त्यांना वेळेत दिसेल.