वाचकांचे प्रश्न : लीजवरचा फ्लॅट आणि न विचारता पाडलेली भिंत

प्रश्न : लंडनमध्ये हॅरोला दुसऱ्या मजल्यावर आमचा लीजवरचा, म्हणजे ठरावीक दीर्घ मुदतीच्या करारावर घेतलेला फ्लॅट आहे. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत काढून स्टीलचा बीम टाकला, कार्पेट काढून लॅमिनेट बसवले. फ्रीहोल्डरला, म्हणजे इमारतीच्या आणि जमिनीच्या मूळ मालकाला, विचारले नव्हते. खालच्या शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केल्यावर फ्रीहोल्डरच्या मॅनेजिंग एजंटचे (इमारतीची देखभाल पाहणाऱ्याचे) पत्र आले : १,२०० पौंड भरा, नाहीतर लीज रद्द करू. आम्हाला फ्लॅट विकायचा आहे. अशा त्रुटीपायी होणाऱ्या नुकसानीचा विमा, म्हणजे इन्डेम्निटी पॉलिसी, घेऊन भागेल का?

उत्तर : नाही. ही पॉलिसी फ्रीहोल्डरला काही कळलेले नसते तोवरच मिळते. शिवाय लीजवरचा फ्लॅट विकताना विक्रेत्याने भरायच्या टीए७ या माहिती-फॉर्मवर फेरफार आणि त्यांची परवानगी यांविषयी थेट प्रश्न असतो. तिथे खोटे लिहिलेत, तर खरेदीदार नंतर तुमच्यावरच दावा लावेल.

एजंटला ‘चूक झाली, माफ करा’ असे तूर्त लिहू नका. २००२च्या ‘कॉमनहोल्ड अँड लीजहोल्ड रिफॉर्म’ कायद्याच्या कलम १६८नुसार, लीजचा भंग झाल्याचे ट्रायब्युनलने (मालमत्तेच्या वादांसाठीच्या न्यायाधिकरणाने) किंवा कोर्टाने ठरवल्याशिवाय फ्रीहोल्डरला लीज रद्द करण्याची, म्हणजे १९२५च्या मालमत्ता कायद्याच्या कलम १४६ची, नोटीस देता येत नाही. तुम्हीच कबुली दिलीत की हा टप्पा गळतो. ‘पत्र मिळाले, लीज तपासून कळवतो’ एवढे पुरे. पुढे प्रकरण कोर्टात गेले तरी भंग दुरुस्त करणाऱ्याला कोर्ट सहसा लीज परत देते. सोसायटीच्या एनओसीची सवय असलेले आपले लोक अशा पत्राने उगाच हादरतात.

आता लीज काढा आणि फेरफाराचे कलम शब्द न शब्द वाचा. ‘परवानगीशिवाय करू नये’ असे असेल तर १९२७च्या ‘लँडलॉर्ड अँड टेनंट’ कायद्याचे कलम १९(२) तुमच्या बाजूचे आहे : सुधारणेला फ्रीहोल्डर विनाकारण नकार देऊ शकत नाही. वाजवी वकील-खर्च आणि इमारतीची किंमत घटत असल्यास तेवढी भरपाई मात्र मागू शकतो. अर्थात आधी न विचारल्याचा भंग त्यामुळे पुसला जात नाही. ‘करूच नये’ असे कलम असेल तर परवानगी देणे पूर्णपणे त्याच्या मर्जीवर.

भिंत आणि फरशी यांचा हिशोब वेगळा. भिंत पाडणे हा एकदाच घडलेला भंग. तो कळल्यानंतर एजंटने ग्राउंड रेंट (लीजधारकाने फ्रीहोल्डरला द्यायचे जमिनीचे भाडे) मागितले किंवा घेतले असेल, तर त्या भिंतीपायी लीज रद्द करण्याचा हक्क बहुधा गेला; नुकसानभरपाईचा दावा उरतो. म्हणून ग्राउंड रेंटच्या मागण्या आणि पावत्या तारखांसह जपा. ‘जमिनीवर कार्पेट ठेवावे’ असे कलम लीजमध्ये असेल तर ते मात्र रोज मोडले जाते, तिथे ही सवलत नाही. आवाज रोखणारे चांगले अंडरले आणि वर कार्पेट टाका, तक्रारीची धार तिथेच बोथट होते.

१,२०० पौंड लगेच भरू नका. मागणीसोबत लीजधारकाच्या हक्कांचा, कायद्याने ठरवलेला गोषवारा नसेल, तर तो मिळेपर्यंत रक्कम रोखता येते. आकारणी वाजवी आहे का, हेही ट्रायब्युनल ठरवते. खर्चाचा तपशील मागा.

त्यानंतर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. बीमच्या दोन्ही टोकांचे प्लास्टर उघडून बीम भिंतीत पुरेसा टेकला आहे का, खाली पॅडस्टोन (बीमचा भार पसरवणारा दगडाचा किंवा काँक्रीटचा ठोकळा) आहे की नुसती वीट, स्टीलभोवती आगरोधक बोर्ड आहे का, हे त्याने पाहायला हवे. घाईत केलेल्या कामात पॅडस्टोन हमखास राहून जातो आणि वरच्या मजल्याला तडे जातात. बिल्डिंग कंट्रोलचे, म्हणजे काम बांधकाम-नियमांनुसार झाल्याचे, सर्टिफिकेट नसेल तर कौन्सिलकडे ‘रेग्युलरायझेशन’साठी (झालेले काम मागाहून नियमित करून घेण्यासाठी) अर्ज करा, खासगी तपासनीस ते देऊ शकत नाहीत. इंजिनिअरचा अहवाल, आधीचे आणि नंतरचे नकाशे व सर्टिफिकेट जोडून, सॉलिसिटरमार्फत फ्रीहोल्डरकडे आधीच झालेल्या कामासाठीचे लायसन्स, म्हणजे लेखी परवानगी, मागा. फ्लॅट बाजारात लावण्याआधीच हे सुरू करा, त्याला महिने लागतात.

प्रश्न : आमच्या चार फ्लॅटची मिळून फ्रीहोल्ड कंपनी आहे. वरच्या शेजाऱ्यांना आधारभिंत काढायची आहे. लीजमध्ये भिंत तोडण्यास सरसकट मनाई आहे. डायरेक्टरांनी सह्या केल्या की झाले ना?

उत्तर : थांबा. लंडनमधल्या मेडा व्हेल भागातील रँडॉल्फ क्रेसेंटमधल्या नऊ फ्लॅटच्या इमारतीचा असाच वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. मे २०२०चा निकाल असा : इतर लीजधारकाने मागणी केल्यास कलमे अमलात आणण्याचे वचन प्रत्येक लीजमध्ये असेल, तर सरसकट मनाई असलेल्या कामाला कंपनी एकट्याच्या अधिकारात परवानगी देऊ शकत नाही. दिलीत तर कंपनीच करार मोडते. तुमच्या लीजमध्ये असे वचन आहे का ते पाहा. असेल तर लीजधारक म्हणून उरलेल्या तिघांची लेखी संमती डीडने (रीतसर दस्तऐवजाने) घ्या, मगच लायसन्सवर सही. ‘डायरेक्टर म्हणून मत दिले होते’ हे त्या संमतीच्या जागी चालणार नाही.