सायकलवर परदेश, शेतावर मुक्काम : तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातला. वय २५, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी ॲग्री केलं. घरी आठ एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. परदेशात सायकलनं फिरायचं, वाटेत शेतकऱ्यांकडे काम करायचं आणि त्या बदल्यात जेवण-राहणं मिळवायचं, असं काही लोक करतात हे समजल्यापासून डोक्यातून तो विचार जात नाही. बाबा म्हणतात, 'आपल्या वावरात मजूर भेटून नाही राहिले, अन् तू दुसऱ्याच्या वावरात फुकट राबायला चालला.' हे खरंच जमतं का? व्हिसा कोणता लागतो? पैसा किती लागेल?

उत्तर : भाऊ, तुमच्या बाबांनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. 'फुकट राबणं' आणि 'कामाच्या बदल्यात जेवण-राहणं' यांत फरक आहे, आणि तो फरक घरून निघण्याआधी तुम्हाला स्वतःला स्पष्ट असला पाहिजे.

या पद्धतीची सुरुवात इंग्लंडमध्ये १९७१ साली झाली. स्यू कॉपर्ड नावाची बाई लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करायची. शहरातल्या माणसांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर जाऊन हात लावता यावा, म्हणून तिनं ससेक्समधल्या एका शेतावर पहिली खेप नेली. त्यातून 'वूफ' ही सेंद्रिय शेतांवर पाहुणे पाठवणारी संस्था उभी राहिली. आज प्रत्येक देशाची यजमान शेतकऱ्यांची यादी वेगळी असते आणि ती बघायला त्या देशाची वर्षाची वर्गणी भरावी लागते. 'वर्कअवे' आणि 'हेल्पएक्स' ही अशाच धर्तीची आणखी दोन नावं. रोज साधारण चार ते सहा तास काम, त्या बदल्यात जेवण आणि झोपायला जागा, पैशाची देवाणघेवाण नाही. सगळीकडे ढोबळ नियम हाच.

आता व्हिसा. इथं बरीच पोरं फसतात. पैसे मिळणार नाहीत, म्हणजे हे काम नाहीच, तेव्हा टुरिस्ट व्हिसावर चालून जाईल, असं त्यांना वाटतं. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं तेव्हा काही रोख ठरते, काही ज्वारी-गहू ठरतो. धान्य घेतलं म्हणून तो काम करत नाही, असं कोणी म्हणेल का? ब्रिटन आणि न्यूझीलंडचा कायदा हेच म्हणतो. जेवण-राहण्याच्या बदल्यात केलेली निंदणी तिथं कामच धरली जाते आणि व्हिजिटर व्हिसावर ती चालत नाही. 'फक्त फिरायला आलो' असं विमानतळावर सांगायचं आणि फोनमध्ये शेतकऱ्याशी 'सोमवारपासून कामाला येतो' असे मेसेज ठेवायचे, हा रस्ता धरू नका. परत पाठवलं तर पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जावर ते लिहावं लागतं.

तुमच्या वयाला आणि शिक्षणाला सरळ रस्ते आहेत. ऑस्ट्रेलियाचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा, क्रमांक ४६२, भारतीयांसाठी २०२४ मध्ये खुला झाला. वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, नंबर सोडतीनं लागतो. कॉलेजची निदान दोन वर्षं पूर्ण झालेली हवीत, इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि खात्यावर सुमारे ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात. ब्रिटनची 'यंग प्रोफेशनल्स स्कीम' वर्षाला ३,००० भारतीयांसाठी आहे. तीही सोडतीनं, पदवीधरांसाठी, दोन वर्षांपर्यंत. या दोन्ही व्हिसांवर पगाराचं काम करता येतं. मग माझं म्हणणं असं, की तिथं नुसत्या जेवणावर महिनोन्‌महिने राबू नका, मजुरी घ्या आणि त्या पैशात सायकलवर फिरा. ऑस्ट्रेलियानं तर २०१५ पासूनच ठरवलंय, की दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी शेतावरचं काम मोजायचं तर ते पगारीच असलं पाहिजे, स्वयंसेवेचं चालत नाही. तिथल्या काही शेतमालकांनी बाहेरच्या पोरांना नुसत्या खाटेवर राबवून घेतल्यावर हा नियम आला. तुमच्या बाबांची शंका त्या सरकारलाही आली होती, हे त्यांना जरूर सांगा.

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या आपल्यासारख्या कास्तकारांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. उतरताना जे कार्ड भरून घेतात त्यात विचारलेलं असतं, की गेल्या ३० दिवसांत तुम्ही शेतावर किंवा गुराढोरांच्या संपर्कात होता का. आपण रोज गोठ्यात जातो, तेव्हा 'हो' लिहायचं. जनावरांचा लाळ्या-खुरकूत रोग त्यांच्या देशात नाही आणि तो येऊ नये म्हणून ते फार जपतात. 'हो' लिहिलं तर चार प्रश्न विचारतात, बूट बघतात. 'नाही' लिहिलं आणि सायकलच्या टायरला वावरातली काळी माती सापडली तर दंड भरावा लागतो. सायकल, बूट, तंबूचे खुंटे घरूनच ब्रशनं घासून, धुऊन, वाळवून न्या. टायरच्या खाचांत आणि पॅडलच्या खाली माती दडून बसते, तिथं जुना दातांचा ब्रश चांगला चालतो. न्यूझीलंडलाही असंच.

युरोपचा शेंगेन व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतच राहू देतो, आणि त्याला निदान ३०,००० युरोचा आरोग्य विमा लागतो. मी डॅन्यूब नदीच्या काठानं सायकल चालवली ती या व्हिसावर. पासाऊहून व्हिएन्नाकडे जाणारा तो रस्ता अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या 'युरोवेलो ६' चा तुकडा आहे. तिथं मी कोणाच्या शेतात काम केलं नाही. सायकलवाल्यांनी सायकलवाल्यांना एक-दोन रात्री घरी ठेवायचं, अशी 'वॉर्मशॉवर्स' नावाची सोय आहे. त्यात कामाचा व्यवहारच नाही, म्हणून तिचा आधार घेतला. तुम्हीही व्हिसा बघून सोय निवडा.

मात्र माझं मन तुम्हाला पहिल्यांदा नेपाळला पाठवायचं आहे. भारत-नेपाळच्या १९५० च्या करारानं दोन्हीकडच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, फिरण्याची, कामधंदा करण्याची मुभा आहे. व्हिसा नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, आधार कार्डावर विसंबू नका. हिंदी बहुतेक सगळीकडे चालते. आपल्या १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. आणि मुख्य म्हणजे घरच्या अंगणातून सायकलवर टांग मारून जाता येतं. पूर्वेला म्यानमार सध्या बंद, पश्चिमेला पाकिस्तानातून वाट नाही, तेव्हा बाकी बहुतेक देशांना विमानानंच जावं लागतं. नेपाळला नागपूर, सिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर करत सीमेवरच्या सोनौलीला पोहोचा, नागपूरपासून साधारण हजार किलोमीटर. सामानासकट रोज ६० ते ८० किलोमीटर धरा. पेंचच्या जंगलातला टप्पा दिवसाउजेडीच ओलांडा.

सोनौलीपासून बुटवलपर्यंत आपल्यासारखंच सपाट. बुटवल सुटलं की सिद्धार्थ राजमार्ग डोंगरात शिरतो आणि पाल्प्याच्या तानसेनकडे चढतो. आपण वऱ्हाडातली माणसं, सपाटीवर दिवसभर पॅडल मारू, पण हा चढ पायांना अगदी अनोळखी असतो. त्याच भागात एका घरी मी राहिले. मार्च होता, मक्याच्या पेरणीआधी गोठ्यातलं शेणखत पायऱ्यापायऱ्यांच्या वावरांत न्यायचं काम चाललेलं. तिथं बैलबंडी जाऊच शकत नाही. खत भरतात 'डोको'त, म्हणजे बांबूच्या निमुळत्या टोपल्यात. टोपलं पाठीवर आणि त्याचा पट्टा, 'नाम्लो', कपाळावर. सगळं वजन मानेवर येतं. घरच्या आमा, म्हणजे आई, साठीच्या पुढच्या, भरलेला डोको घेऊन ओंजळभर रुंदीच्या बांधावरून खाली उतरायच्या. त्यांनी माझा डोको अर्धाच भरला, पट्टा कपाळावर केसांच्या किंचित खाली बसवून दिला आणि हातानं खूण केली : नजर पायाकडे नाही, पुढच्या पायरीकडे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान सरावली.

सकाळी नुसता चहा पिऊन वावरात जायचं आणि दहाच्या सुमारास पोटभर डाळ-भात, असा तिथला नेम. सोबत कधी गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचा आंबट रस्सा. भाकरीशिवाय आपला जीव कासावीस होतो, पण ती डाळ मला अजून आठवते. संध्याकाळी मी त्यांना दशपर्णी अर्काची, म्हणजे कडुनिंबासारख्या दहा झाडांच्या पाल्यापासून कीड मारायचं औषध करायची, रीत सांगितली. आपला कडुनिंब त्या उंचीवर नाही. आमांनी थोडा विचार केला आणि बांधावरून 'तितेपाती' तोडून आणली, आपल्या दवण्याच्या कुळातली कडू झुडपं. नातवानं ती माठात भिजवली. मी यासाठीच तुम्हाला जा म्हणते. बी कधी टाकायचं, अळी कुठं लपते, पावसाआधी काय झाकायचं, हे शहरातल्या पोरांना शिकवावं लागतं. तुम्हाला ते येतं, आणि यजमानाला ते पहिल्या तासात कळतं.

पैशाबद्दल एवढंच सांगते : पीककर्जाला हात लावू नका आणि यासाठी कोणाच्या दारात उसनं मागायला जाऊ नका. परतीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा आणि काही झालं तरी तो मोडू नका. वेळेचं म्हणाल, तर तूर निघाली, कापूस वेचून झाला की जानेवारीत पऱ्हाटी उपटून टाका. फरदड, म्हणजे आणखी वेचणीसाठी उभी ठेवलेली पऱ्हाटी, ठेवू नका, गुलाबी बोंडअळीला तीच घर देते. फेब्रुवारीत निघा, मृगाच्या आत परत या. वावरात तुमची गरज लागते तेव्हा तुम्ही घरी असाल, आणि बाबांना हेच ऐकायचं आहे असं मला वाटतं.

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे. मैत्रिणीबरोबर निघणार होती, आता मैत्रीण मागे हटली आणि ही एकटीच जायचं म्हणते. अनोळखी माणसाच्या शेतावर, परक्या मुलखात. मी आई आहे, मला झोप येत नाही. काय बघून 'हो' म्हणू? — आर्वीची एक आई

उत्तर : काकू, तुमची काळजी रास्त आहे. ती पोरीला बोलून दाखवा, फक्त धाकाच्या सुरात नको.

यजमानाच्या पानावर आधी राहून गेलेल्यांचे अभिप्राय असतात. त्यातले एकट्या बायकांनी लिहिलेले वेगळे काढून वाचायला सांगा. असा एकही नसेल तर तो यजमान सोडायचा, तो कितीही भला वाटला तरी. मग व्हिडिओ कॉल करायचा आणि घरातल्या बाईशी बोलायचं. झोपायची खोली कुठली, दाराला आतून कडी आहे का, न्हाणीघर कुठं, कामाचे तास किती, सुट्टीचा दिवस कोणता, शाकाहारी जेवण मिळेल का, हे सगळं जाण्याआधी लेखी विचारायचं. यातलं काही विचारलं म्हणून जो चिडतो त्याच्याकडे जायचं नाही. पासपोर्ट कधीही यजमानाच्या हाती ठेवायला द्यायचा नाही, 'कपाटात सुरक्षित राहील' म्हटलं तरी नाही.

सायकलचा इथं मोठा उपयोग आहे. बसनं आलेल्या पाहुणीला शेतावरून निघायचं तर यजमानाच्या गाडीची वाट बघावी लागते. सायकलवालीला नाही. पोहोचल्या दिवशीच जवळचं गाव किती किलोमीटरवर आहे ते बघून ठेवायचं, बॅगा रात्री भरलेल्या ठेवायच्या, आणि मन खात असेल तर सकाळी निघायचं. कारण द्यायची गरज नाही. पुढच्या दोन-तीन रात्रींच्या खोलीचे पैसे तिच्याजवळ कायम असू द्या, म्हणजे पैशापायी कुठं थांबावं लागणार नाही.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये विसाव्या वर्षी सायकलवरून जगाची फेरी पूर्ण केली. बराचसा रस्ता एकटीनं. वाटेत स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकानं लुटलं, तरी तिनं प्रवास पूर्ण केला. मी हे तुम्हाला निश्चिंत करायला सांगत नाही. धोका असतो, आणि तो पोरीला माहीत असला पाहिजे. आधी तिला महिनाभर इथंच फिरू द्या. आर्वीहून मेळघाट, चिखलदऱ्याचा घाट, परत. एकटीनं, सामानासकट. ती कशी परत येते ते बघून तुम्हालाच उत्तर मिळेल.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची जुनी काळी, बिनगिअरची सायकल आहे. तिच्यावर नेपाळ होईल का? आणि विमानात सायकल कशी नेतात? — देसाईगंज

उत्तर : सोनौलीपर्यंत आरामात होईल. पुढच्या चढासाठी गिअर लागतील, आणि पुढं सगळ्यात लहान चकती, मागं सगळ्यात मोठी, असा हलका गिअर हवा. फ्रेम लोखंडी घ्या, मोडली तर कुठल्याही गावात वेल्डिंग होतं. कॅरिअर चांगलं मजबूत बसवा. ओझं असलं की मागच्या चाकाचे चेनच्या बाजूचे स्पोक आधी तुटतात, म्हणून त्याच मापाचे स्पोक फ्रेमला टेप लावून बरोबर ठेवा. निघण्याआधी गावच्या पंक्चरवाल्याकडे काही दिवस बसून पंक्चर काढणं, स्पोक बदलणं आणि चाकाचा आऊट काढणं, म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ करणं, शिकून घ्या. त्याची मजुरी द्या.

विमानासाठी सायकलच्या दुकानातून नव्या सायकलचं रिकामं खोकं मागून आणा. हँडल आडवं वळवायचं, सीट खाली करायची, पुढचं चाक काढायचं, टायरमधली हवा थोडी कमी करायची, पॅडल काढायचे. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावरच सुटतो. जोर लावण्याआधी हे आठवा, नाहीतर क्रँकचे आटे जातात. सुटे नट-बोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी फ्रेमलाच बांधा.