फास्ट चार्जर गाडी ओळखत नाही आणि डीलर म्हणतो अपडेट करा : जॉबकार्डवर काय लिहिलंय ते आधी बघा

फोंड्याचे दादा, तुमची पोस्ट वाचली आणि माझी जुनी बिलं आठवली. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेतली, घरी नीट चार्ज होते, फोंड्यातल्या एका फास्ट चार्जरवरही होते, पण बांद्याच्या पुढे हायवेवर चार्जिंगची गन लावली की यंत्र थोडा वेळ विचार करतं, 'कम्युनिकेशन एरर' दाखवतं आणि गाडी सोडून देतं. सर्व्हिस सेंटर म्हणतं सॉफ्टवेअर अपडेट करा, सात हजार. करू का?

नको. निदान काही कागद हातात येईपर्यंत तरी नको.

मी इलेक्ट्रिशियन नाही, वकील तर मुळीच नाही. घर मांद्र्याला, नोकरी पर्वरीला, गाडी रोज लागते, एवढाच माझा अधिकार. सीसीएस-२ म्हणजे फास्ट (डीसी) चार्जिंगची गन आणि टाइप-२ म्हणजे एसी चार्जिंगची, हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे, जास्त लिहीत नाही.

आधी तुमच्या अडॅप्टरच्या प्रश्नाचा निकाल लावते. जीबीटी (जुन्या सरकारी यंत्रांवरची वेगळ्या तोंडाची गन) आपल्या सीसीएस सॉकेटला जोडणारा तो ऑनलाइन अडॅप्टर घ्यावा का, असं विचारलंत; घेऊ नका. सरकारी आवारांत अजून कुठे कुठे उभी असलेली १५ किलोवॅटची 'भारत डीसी-००१' यंत्रं ई-व्हेरिटो आणि टॅक्सीत गेलेल्या पहिल्या टिगोरसारख्या ७२ व्होल्टच्या गाड्यांसाठी बसवली होती. तुमच्या गाडीची बॅटरी ३०० व्होल्टच्या वरची. तोंड जुळवलं तरी दाब कुठून जुळणार? आणि २२ किलोवॅटच्या एसी खांबावर गाडी ३.३ नेच घेते म्हणून डीलरशी भांडू नका. ती मर्यादा गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरची आहे, अपडेटने ती हलत नाही. ७.२ चा चार्जर कंपनीने बसवलेला असेल तरच ७.२ मिळतात.

आता मुख्य मुद्दा. गनच्या दोन जाड पिनांतून वीज जाते, पण गाडी आणि यंत्र यांचं बोलणं होतं ते वरच्या भागातल्या एका बारीक पिनेवरून, कंट्रोल पायलटवरून. घरच्या एसी चार्जिंगला त्या पिनेवर साधा १ किलोहर्ट्झचा संकेत असतो: इतके अँपिअर घे, बस. फास्ट चार्जिंगला मात्र त्याच तारेवरून उच्च वारंवारितेचा डेटा धावतो. गाडी आपले व्होल्ट सांगते, यंत्र आपली मर्यादा सांगतं, मग केबलचं इन्सुलेशन तपासलं जातं, मग यंत्र आपला दाब बॅटरीच्या दाबाशी जुळवतं, गाडीतले कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरीचे मोठे स्विच, जोडले जातात आणि शेवटी करंट सुरू. त्यामुळे घरी काहीच अडचण नाही आणि बाहेर मात्र बोंब, हे एकाच गाडीत होऊ शकतं. 'घरी चालते म्हणजे गाडीत दोष नाही' असं काउंटरवर सांगितलं तर ऐकून घेऊ नका. मला ते सांगितलं होतं, आणि सांगितलं ते मला नव्हे, माझ्या शेजारी उभ्या नवऱ्याला. त्यांना गाडी चालवताही येत नाही. असो.

सॉफ्टवेअरचा दोष नसतोच असं मी म्हणत नाही. एखाद्या कंपनीचं यंत्र आणि एखाद्या मॉडेलची गाडी यांचं बोलणं एका टप्प्यावर अडकतं आणि ते खरोखर अपडेटनेच सुटतं, अशी प्रकरणं असतात. पण हाच दोष पिनेवर गंज चढला तरी दिसतो, १२ व्होल्टची साधी बॅटरी मरायला टेकली असली तरी दिसतो, पावसात गनमध्ये पाणी राहिलं तरी दिसतो, आणि कधी यंत्रच बिघडलेलं असतं. यातलं नेमकं कोणतं, ते गाडीतला एरर कोड वाचल्याशिवाय कळत नाही. तो कोड वाचायला अपडेट लागत नाही. माझ्या सर्व्हिस सेंटरचा अ‍ॅडव्हायझर मात्र एकच पालुपद लावून बसला होता, "अपडेट केल्या बगर कळचें ना, मॅडम."

नाव लिहीत नाही, कारण शोरूम अजून चालू आहे आणि मला नोटीस नको. पण त्यांनी केलेलं एक काम मला सगळ्यांत महाग पडलं. मी काउंटरवर तोंडी सांगितलं की फास्ट चार्जिंग होत नाही. त्या अ‍ॅडव्हायझरने जॉबकार्डवर, म्हणजे सर्व्हिसच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, 'कस्टमर रिक्वेस्ट : सॉफ्टवेअर अपडेट'. इंग्रजीत, चार शब्दांत, आणि सहीसाठी पुढे सरकवलं. म्हणजे कागदोपत्री माझी तक्रार नव्हतीच, मागणी होती. त्यांनी बॅटरी मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर चढवलं, काम पूर्ण म्हणून कार्ड बंद केलं, साडेचार हजार लेबर आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावला. गाडी हायवेवर पुन्हा तशीच अडली. परत गेले तर म्हणे हे वेगळं मॉड्यूल (गाडीतला वेगळा छोटा कॉम्प्युटर), चार्जिंग कंट्रोलरचं अपडेट बाकी आहे, त्याचं बिल वेगळं. वॉरंटीचं विचारलं तर उत्तर तयार: वॉरंटी दोषाला असते, तुम्ही तर स्वतःहून अपडेट मागितलंत.

बरं, एरर कोड लिहून द्या म्हटलं तर 'सिस्टीममधून प्रिंट निघत नाही'. ईमेल करा म्हटलं तर मॅनेजर सुट्टीवर. वीज खात्याचा लाइनमन वादळात परवडला, तो निदान खांबावर चढतो.

दोष सापडला तो त्या सेंटरबाहेर. हायवेवर चार्जर कंपनीचा तंत्रज्ञ स्वतःचं यंत्र दुरुस्त करायला आला होता, त्याने माझ्या गाडीच्या सॉकेटमध्ये टॉर्च मारला आणि कंट्रोल पायलटच्या पिनेवरचा हिरवट थर दाखवला. मांद्र्याची खारी हवा. साधा संकेत त्या थरातूनही जात होता, डेटा मात्र लांब केबलच्या यंत्रांवर तुटत होता. त्याच्या सर्व्हरवर प्रत्येक सेशन कुठल्या टप्प्यावर आणि कशामुळे थांबलं त्याची नोंद असते, ती त्याने कंपनीमार्फत मेलने पाठवायची व्यवस्था केली. ती नोंद मी गाडीच्या कंपनीच्या वरच्या कार्यालयात पाठवली तेव्हा सॉकेट वॉरंटीत बदलून मिळालं. अपडेटचे पैसे नाही मिळाले. कारण, कस्टमर रिक्वेस्ट.

तेव्हा तुम्ही जाल तेव्हा जॉबकार्डवर लक्षण लिहून घ्या: 'अमुक ठिकाणच्या डीसी चार्जरवर इतक्या सेकंदांनी कम्युनिकेशन एरर, दुसऱ्या चार्जरवर चालते.' अपडेट हा शब्द तुमच्या रकान्यात येऊच देऊ नका, तो त्यांच्या निदानाच्या रकान्यात येऊ दे. नकार दिला तर तीच ओळ तिथेच उभं राहून त्यांना ईमेल करा. जाण्याआधी हायवेवरच्या यंत्राच्या पडद्याचा व्हिडिओ घ्या, यंत्राचा नंबर टिपा, आणि चार्जर कंपनीच्या हेल्पलाइनकडे त्या सेशनची नोंद मागा. सगळे देत नाहीत, पण मागितल्याशिवाय तर कोणीच देत नाही. १२ व्होल्टची बॅटरी बाहेरच्या कुठल्याही बॅटरीवाल्याकडे तपासून घ्या, ते काम पाच मिनिटांचं आहे.

आणि अपडेट करायचंच ठरलं, तर आधीचा आणि नंतरचा व्हर्जन नंबर बिलावर हवा. सॉफ्टवेअर चढत असताना १२ व्होल्टचा दाब पडला तर मॉड्यूल अर्धवट राहून बंद पडू शकतं, म्हणून बाहेरून स्थिर सप्लाय लावतात. तो लावणार का, आणि मॉड्यूल गेलं तर खर्च कोणाचा, हे आधी लिहून घ्या. माझं मत विचाराल तर कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधली चूक सुधारायला मालकाकडून पैसे घेणं ही लूट आहे. नवीन पार्ट बसवून तो गाडीशी जुळवायचं लेबर घेतलं तर मी समजू शकते.

तुमची सेकंडहँड आहे म्हणून एक गोष्ट: विक्रेता '८ वर्षं, १,६०,००० किलोमीटर' म्हणतो ती बहुधा बॅटरीची वॉरंटी. सॉकेट आणि वायरिंग सहसा गाडीच्या साध्या वॉरंटीत येतं आणि ती बरीच आधी संपते. तुमच्या पुस्तिकेत काय आहे ते बघा, आणि वॉरंटी तुमच्या नावावर चढली आहे का तेही.

दाद मागायची तर आधी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत, तिथे तुमच्या कंपनीने काय जाहीर केलंय ते वाचून ठेवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. वस्तू किंवा सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी नाही. सर्व्हिसच्या बिलापुरती तक्रार त्यात बसायला हवी, पण हे एकदा जाणकाराला विचारा.

घरच्या चार्जरच्या बॉक्सवर मे महिन्यात लाल दिवा लागतो म्हणालात, त्याचा या सगळ्याशी संबंध नसावा. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि चार्जरला अर्थ सापडत नाही. खड्ड्यात पाणी ओतून बघा. दिवा हिरवा झाला तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. त्याने अर्थ आणि न्यूट्रल जोडून 'जुगाड' सुचवला तर त्याला घरी पाठवा, तसं केल्याने जीव जाऊ शकतो.

त्या सात हजारांत किती मॉड्यूल येतात तेवढं त्यांना विचारून इथे लिहा. मला सांगितलेला आकडा एकाचाच निघाला होता.