जर्मनीत पिकांच्या रिमोट सेन्सिंगवर पोस्टडॉक: यावं का?

पीएचडी झाली आहे, जर्मनीतल्या विद्यापीठात पिकांच्या रिमोट सेन्सिंगवर, म्हणजे उपग्रहाच्या प्रतिमांवरून पिकांच्या अभ्यासावर, दोन वर्षांचं पोस्टडॉक (पीएचडीनंतरची मुदतीची संशोधन-नोकरी) मिळतंय, करार १ ऑक्टोबरपासून, सोबत पत्नी आणि तिसरीतली मुलगी. यावं का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा, पगार, विमा यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहे, त्यात शिरत नाही.

मला खटकली ती १ ऑक्टोबर ही तारीख. इथला हिवाळी गहू ऑक्टोबरच्या आसपास पेरतात, मार्चमध्ये तो वाढीला लागतो, जुलै-ऑगस्टमध्ये काढणी. दोन वर्षांत दोन हंगाम मिळतील खरे, पण दुसऱ्याची काढणी झाली की महिन्या-दीड महिन्यात करार संपतो. मग विश्लेषण आणि पेपर बिनपगारी. १ फेब्रुवारीला रुजू झालात तर हंगाम दोनच, पण शेवटी पाच महिने हातात राहतात.

दुसरं, भारतीय वाहन परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो. ऑक्टोबरात आलात तर तो नेमका मार्चअखेर, शेतावर जायच्या तोंडावर बाद होतो. त्यानंतर दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीत देता येते, गाडीवरची जर्मनमध्ये. आणि गाडीशिवाय शेतावर स्पेक्ट्रोरेडिओमीटर (पिकावरून परावर्तित होणारा प्रकाश मोजणारं उपकरण) नेणार कसा? मोजमाप सौर मध्यान्हाच्या आगेमागे दोन तासांतच करायचं, आणि उन्हाळी वेळेमुळे इथे ते मध्यान्ह घड्याळात एक-दीडला येतं. तुलनेसाठी पांढऱ्या फलकावरचं संदर्भ-वाचन दर काही मिनिटांनी घ्यावं लागतं; मध्येच पातळसा ढग सूर्यावरून सरकला की तो संच फुकट. निरभ्र दिवस मोजकेच, त्यामुळे त्या दिवशी उपकरण कोणाकडे असेल, सोबत टेक्निशियन असेल का, हे आधीच विचारून घ्या.

विषयाबद्दल सविस्तर सांगते, कारण यातच बरेच जण अडकतात. इथले शेतकरी अनुदानाच्या अर्जात कुठल्या तुकड्यावर कुठलं पीक हे दरवर्षी नकाशासकट भरतात. काही राज्यांनी हा डेटा खुला केलाय. एवढी लेबलं (कुठे कुठलं पीक याची उत्तरं) आयती मिळाली की पीक-वर्गीकरण, म्हणजे प्रतिमेवरून पीक ओळखणं, सोपं वाटतं, अचूकताही छान येते. त्यातही एकाच शेतातले पिक्सेल मॉडेलच्या प्रशिक्षण आणि चाचणी दोन्हीकडे गेले तर ती फुगलेली असते. विभागणी शेतानुसार करा, त्याहून बरं म्हणजे प्रदेशानुसार. हेच मॉडेल आपल्याकडच्या एक एकराच्या तुकड्यावर लावून पाहा. चौरस तुकडा धरला तर बाजू साधारण ६४ मीटर. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या १० मीटरच्या बँडमध्ये त्यात ६ बाय ६ पिक्सेल बसतात, बांधाकडचे वगळले की १६ उरतात. रेड-एज बँड (लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचे, पिकांसाठी उपयोगी) २० मीटरचे. तिथे ३ बाय ३, आणि कडा काढल्यावर उरतो एक. त्यात खरिपात ढग. जुलै-ऑगस्टच्या ऑप्टिकल प्रतिमांवर विसंबून भात किंवा सोयाबीन ओळखायला जाल तर मालिकेत नुसती भगदाडं दिसतील.

म्हणून पहिल्या दिवसापासून ढगांतूनही दिसणारं रडार हाती घ्या. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या व्हीव्ही-व्हीएच (दोन ध्रुवीकरणांच्या) मालिका तर आहेतच. शिवाय इस्रो आणि नासाचा निसार हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ ला गेलाय, त्याचा एल-बँड (लांब तरंगलांबीचं रडार) पिकात जास्त खोलवर शिरतो. परत जायचं की नाही हे माझंही अजून ठरलेलं नाही, पण विषय दोन्हीकडे चालणारा हवा.

कारण इथे राहता येईलच असं नाही. पीएचडीनंतर शैक्षणिक पात्रतेच्या नावाखाली तात्पुरते करार जास्तीत जास्त सहा वर्षं. मूल असल्यास ही मर्यादा दोन वर्षांनी वाढू शकते, पण तो हक्क नव्हे. पुढे एकतर कायम पद, जी फार थोडी आहेत, नाहीतर बाहेरच्या प्रकल्पनिधीवरचे करार. मुदतवाढीचं पत्र बहुधा शेवटच्या महिन्यात येतं, आणि ते हातात नसेल तर परदेशी नागरिक कार्यालय राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाला हात लावत नाही. मुदत संपायच्या आत अर्ज टाकलेला असला की निदान तात्पुरता दाखला मिळतो. दर वेळी तेच कागद, तेच हेलपाटे.

आता मुलीचं. बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वाटणी होते. गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) की दुसरी शाळा, ते चौथीतल्या गुणांवर आणि शिक्षकांच्या शिफारशीवर. बायर्न राज्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली, म्हणजे कमी, लागते; इथे १ हा सगळ्यात चांगला गुण. तिसरीतलं मूल दीड वर्षात जर्मनमध्ये निबंध लिहील ही अपेक्षा मला आजही अन्यायाची वाटते. भाषा कच्ची म्हणून मूलच कच्चं, असा शेरा एकदा कागदावर चढला की तो पुसायला वर्षं जातात. आमच्या घरात हा विषय अजून मिटलेला नाही, म्हणून लिहिताना हात आखडत नाहीये. एक इयत्ता खाली बसवायला मागा आणि ते लेखी मागा. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. तिथली ऑफर असती तर दोन वर्षं जास्त मिळाली असती.

एकटेपणा म्हणाल तर असतो, नोव्हेंबरात जास्त. जर्मन बी१ (मध्यम) पातळीपर्यंत दोघांनीही शिका, पत्नीने आधी.

सध्या प्राध्यापकांना इतकंच विचारा: रुजू व्हायची तारीख फेब्रुवारी चालेल का, आणि शेतावर जायला गाडी कोण चालवतं?