कढीपत्त्यावरची अळी मारू नका

पोरांच्या पहिल्याच विज्ञानप्रयोगाला महागडं किट कशाला? कुंडीतला कढीपत्ता नाहीतर लिंबू बघा. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसलं, तर ती बहुतेक फुलपाखराची अळी! मोठी झाली की हिरवीगार होते. काडीने हळूच डिवचलं की डोक्यामागून लालसर शिंगं काढते, उग्र वास येतो. पोरं किंचाळतातच.

बरणीत ठेवा, तोंडाला मलमलचं फडकं बांधा. मी झाकण घट्ट लावलं होतं; पहिली अळी गेली. रोज त्याच झाडाची ताजी, न फवारलेली पानं घाला, शी झाडा. कोषासाठी उभी काडी हवी. फुलपाखरू बाहेर येताना मात्र मदतीला अजिबात जाऊ नका, पंख वाळायला वेळ लागतो.