लुम्पिया मऊ का पडतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

फिलिपिन्समधल्या तळलेल्या रोलबद्दल, म्हणजे लुम्पियाबद्दल, आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांची अडचण एकच दिसते : पाणी. ते सारणात राहतं, पारीला लागतं, नाहीतर तळून झाल्यावर वाफेच्या रूपाने परत येतं.

प्रश्न : दुबईत आमच्या शेजारी फिलिपिनो कुटुंब आहे. त्यांच्याकडचे बोटाएवढे लुम्पिया आणि आपल्या चायनीजच्या गाडीवरचा स्प्रिंग रोल यांत फरक काय? घरी करण्यासाठी प्रमाण द्याल का? (दुबई)

उत्तर : तुम्ही खाल्लात तो लुम्पियांग शांघाय. गाडीवरच्या रोलमध्ये कोबी-नूडल्सचं शिजवलेलं सारण आणि जाडसर पारी असते. लुम्पियांग शांघायमध्ये कच्चा खिमा भरतात आणि तो तळताना आतच शिजतो. म्हणून रोल करंगळीपेक्षा जाड नसतो. पारी रंगावर येते तेवढ्या वेळात आतलं मांसही शिजलं पाहिजे. जाड केलात तर बाहेरून खरपूस आणि आतून कच्चा.

500 ग्रॅम डुकराचा खिमा घ्या. त्यात पाचवा हिस्सा चरबी असावी, अगदी बिनचरबीचा घेतला तर सारण कोरडं, भुसभुशीत होतं. त्यात गाजर, कांदा आणि सिंकामास प्रत्येकी 100 ग्रॅम, सगळं अगदी बारीक चिरून. सिंकामास हा पांढरा, पाणीदार, करकरीत कंद दुबईत फिलिपिनो दुकानांत मिळतो. महाराष्ट्रात त्याऐवजी ओले शिंगाडे सोलून वापरा, नाहीतर नवलकोल. शिवाय लसणाच्या 4 पाकळ्या, 2 मोठे चमचे कांद्याची पात, 1 अंडं, 1 मोठा चमचा सोया सॉस, 1 लहान चमचा मीठ, अर्धा चमचा मिरपूड आणि 2 मोठे चमचे कॉर्नफ्लोअर. हे सारण हाताने दोन-तीन मिनिटं चांगलं मळा. मीठ आणि मळणं यामुळे मांस चिकट होतं आणि रोल कापला तरी सारण सुटत नाही. मीठ बघायचं असेल तर कच्चं चाखू नका, चमचाभर तव्यावर परतून खा.

चिकन वापरायचं तर लेगचं बोनलेस मांस घ्या आणि वर 1 मोठा चमचा तेल घाला. ब्रेस्टचा खिमा तळल्यावर चोथा होतो.

साडेआठ इंची (215 मिलिमीटर) चौकोनी स्प्रिंग रोल शीट, म्हणजे तयार पारी, मधोमध कापा. लांब कडेशी सारणाची सव्वा सेंटीमीटर जाडीची सलग वळी ठेवा, घट्ट गुंडाळा आणि शेवटची कड खळीने चिकटवा. 1 मोठा चमचा मैदा 3 चमचे पाण्यात कालवून मंद आचेवर घोटला की खळ होते. रोल अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून कात्रीने प्रत्येकाचे तीन तुकडे करा. टोकं उघडी राहतात ती राहू द्या, कच्चा खिमा उष्णता लागताच आवळून बसतो. वरच्या प्रमाणात 18 ते 20 शीट लागतात आणि शंभराच्या वर तुकडे होतात. आकडा बघून घाबरू नका. तिकडे लग्नात, वाढदिवसाला आणि फिएस्ताच्या जेवणात हे असेच ढिगाने करतात.

तेल 170 अंशांवर, कढईत निदान दोन इंच खोल. एका घाण्यात बारा-पंधरा तुकडे, चार ते पाच मिनिटं. पहिल्या घाण्यातला एक मोडून बघा. आत गुलाबी छटा नको. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 74 अंश दिसायला हवेत.

प्रश्न : कढईतून काढताना मस्त कुरकुरीत असतात, पण पाहुण्यांसमोर जाईपर्यंत सादळतात. तळण्यात काही चुकतं का? (ठाणे)

उत्तर : तळण्यात थोडं, तळणीच्या आधी आणि नंतर जास्त.

आधीचं बघू. गाजर आणि कांदा चिरल्यावर त्यांना अर्धा चमचा मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा आणि पंचात घट्ट पिळा. हे मीठ एकूण प्रमाणातलंच धरा. निघालेलं पाणी पाहिलंत की कळेल, एरवी ते सगळं वाफ होऊन पारीत शिरलं असतं. सारण भरलेले रोल ओट्यावर तासभर ठेवले तरी पारी आतून ओली होते. लगेच तळायचे नसतील तर सरळ फ्रीझरमध्ये टाका.

तळताना तेल 150 अंशांच्या खाली गेलं की पारीतलं पाणी जोराने बाहेर पडत नाही, पारी वातड राहते आणि तेल पिते. कढई गच्च भरली की नेमकं हेच होतं. थर्मामीटर नसेल तर पारीचा कपटा टाकून बघा. तो क्षणभर खाली जाऊन बारीक बुडबुड्यांसकट लगेच वर आला की तेल तयार. टाकताक्षणी लाल झाला तर आच कमी करा. आणखी एक खूण : रोलभोवतीचे बुडबुडे मंदावले, आवाज बारीक झाला की पारीतलं बरंचसं पाणी उडालं. रंग आला म्हणून घाईने काढू नका, या आवाजाची वाट बघा.

नंतरची चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. रोल कागदावर आडवे पसरतात, त्यावर दुसरा थर रचतात आणि वर झाकण ठेवतात. खालची बाजू स्वतःच्याच वाफेत भिजते. रोल चाळणीत उभे करा किंवा जाळीवर सुटे ठेवा. कॅसरोल अजिबात नको.

पाहुणे उशिरा येणार असतील तर दोनदा तळा. आधी 160 अंशांवर पाच-सहा मिनिटं, आतलं पूर्ण शिजेल पण रंग फिकाच राहील इतपत, आणि वाढायच्या वेळी 185 अंशांवर मिनिटभर. पहिल्या तळणीत मांस अर्धकच्चं ठेवून रोल बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. दोन्हींमध्ये तासाच्या वर वेळ जाणार असेल तर मधे फ्रिजमध्ये ठेवा. उरलेले गरम करायला ओव्हन 190 अंशांवर, सात-आठ मिनिटं. मायक्रोवेव्ह मात्र नको.

प्रश्न : पारीवर फोड येतात आणि काही रोल तेलात फुटतात. (नाशिक)

उत्तर : फोड येण्याची कारणं साधारण तीन : अंड्याची जाड पारी, तेल फार तापलेलं, किंवा शीटवर साठलेला ओलावा. गोठलेलं पाकीट थंड असतानाच उघडलं की हवेतलं बाष्प शीटवर जमतं. पाकीट बंद ठेवूनच रात्रभर फ्रिजमध्ये किंवा तासभर बाहेर सुटू द्या, मग उघडा. शीट एकेक करून आधीच सोडवा आणि पिळलेल्या दमट पंचाखाली झाका. ओल्या कापडाखाली ठेवल्या तर त्या एकमेकींना चिकटतात, उघड्या ठेवल्या तर कडा तडकतात. गुळगुळीत बाजू बाहेर, खरखरीत आत.

फुटण्याचं कारण बहुधा आत अडकलेली हवा. पहिला वेढा सारणाला चिकटून हवा. बोटांनी मागे ओढत गुंडाळा, पण पारी ताणू नका. साधं पाणी लावून चिकटवलेली कड तेलात सुटते, खळ धरून ठेवते.

प्रश्न : आमच्याकडे मांस, अंडं चालत नाही. भाज्यांचा लुम्पिया होतो का? (सांगली)

उत्तर : होतो, आणि तो काही तडजोडीचा पदार्थ नाही. भाज्यांचे लुम्पिया तिकडे रस्त्यावर रोज विकले जातात आणि त्यांतला मुख्य जिन्नस आपले मोड आलेले मूगच असतात. फक्त मोड बोटभर लांब हवेत. मूग आठ तास भिजवा, ओलं फडकं घातलेल्या चाळणीत पसरा, वर फडकं, ताटली आणि किलोभर वजन ठेवून चाळणी पूर्ण अंधारात ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा पाणी घालून निथळू द्या. चार-पाच दिवसांत जाड, पांढरे मोड येतात. उजेड लागला तर हिरवे पडून कडवट होतात, आणि वजन नसेल तर सुतासारखे बारीक येतात.

15 मोठ्या रोलसाठी 300 ग्रॅम मोड, गाजर, फरसबी आणि कोबी प्रत्येकी 100 ग्रॅम, 150 ग्रॅम टोफू. टोफू दाबून पाणी काढा, लहान तुकडे करून आधी तळून घ्या. लसूण-कांदा परतून फरसबी आणि गाजर मोठ्या आचेवर दोन मिनिटं, मग कोबी, मोड, टोफू घालून आणखी एक मिनिट. सोया सॉस 1 मोठा चमचा, तो शेवटी. लगेच चाळणीत पसरून पूर्ण गार करा आणि निथळलेलं पाणी टाकून द्या. गरम सारण भरलंत तर पारी हातातच फाटते. इथे अख्खी शीट तिरकी ठेवून दोन्ही बाजू आत दुमडा. भाजी खिम्यासारखी बांधून राहत नाही, टोकं उघडी ठेवली तर सगळी तेलात उतरेल. सारण शिजलेलंच आहे, म्हणून 180 अंशांवर तीन मिनिटं पुरतात.

तिकडे लांब हिरव्या मिरचीत चीज भरून, पारीत गुंडाळूनही तळतात. आपल्याकडची भावनगरी त्याला उत्तम.

प्रश्न : चिपळूणला स्प्रिंग रोल शीट मिळत नाहीत. घरी करता येतील? (चिपळूण)

उत्तर : बाजारातल्या शीटइतक्या पातळ होणार नाहीत, पण काम होतं. 120 ग्रॅम मैदा, 20 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, पाव चमचा मीठ, 1 चमचा तेल, 280 मिलिलिटर पाणी. गाळून अर्धा तास ठेवा. पीठ घावनाच्या पिठापेक्षाही पातळ दिसलं पाहिजे. नॉनस्टिक तवा अगदी मंद आचेवर ठेवा आणि सिलिकॉनच्या ब्रशने पीठ त्यावर फासा. ओतायचं नाही. भोकं दिसली तर त्यावर पुन्हा ब्रश फिरवा. 40-50 सेकंदांत कडा सुटतात, तेव्हा उचला. उलटू नका, डाग पडू देऊ नका. भाजली गेली की गुंडाळताना मोडते. प्रत्येक पारीवर कॉर्नफ्लोअर भुरभुरून चळत करा आणि झाकून ठेवा. पीठ तव्याला न चिकटता ब्रशबरोबर ओढलं जात असेल तर तवा जास्त तापलाय. ओल्या फडक्याने पुसून पुढची घ्या.

प्रश्न : समोशाची पट्टी चालेल का? (भिवंडी)

उत्तर : चालेल. जरा जाड आणि अरुंद असते, म्हणून रोल आखूड होतात आणि मिनिटभर जास्त तळावे लागतात. तांदळाचा पारदर्शक राइस पेपर मात्र या कामाला घेऊ नका. भिजवलेला राइस पेपर तेलात एकमेकांना चिकटतो आणि त्याचा कुरकुरीतपणाही वेगळ्याच जातीचा.

प्रश्न : सोबत काय वाढायचं? शेजवान चटणी चालते का? (म्हापसा)

उत्तर : कोण अडवणार? पण मग लुम्पियाची चव कळणार नाही. तुम्ही म्हापशात राहता, म्हणजे योग्य जिन्नस तुमच्या बाजारातच आहे : माडाच्या सुरेचं व्हिनेगर. फिलिपिन्समध्येही ताडी-माडीचं आणि उसाचं व्हिनेगर रोजच्या वापरात असतं. इलोइलोकडचं सिनामाक तर नुसत्या मसालेदार व्हिनेगरची बाटलीच असते. अर्धी वाटी व्हिनेगरमध्ये ठेचलेल्या लसणाच्या 3 पाकळ्या, बारीक चिरलेला छोटा कांदा, 2 तिखट मिरच्या, पाव चमचा मीठ, थोडी मिरी आणि चिमूटभर साखर. तासभर मुरू द्या. तळलेल्या, चरबीदार खिम्याला हीच आंबट धार हवी. दुकानातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर असेल तर थोडं पाणी घाला, नाहीतर घशाला लागतं.

मुलांसाठी गोड-आंबट सॉस : 1 वाटी पाणी, पाव वाटी व्हिनेगर, पाव वाटी साखर, 3 मोठे चमचे केचप आणि चिमूटभर मीठ उकळा. 1 मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून त्यात घाला आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळा. तिकडे यात केळ्याचं लाल केचप घालतात. त्याचं श्रेय मारिया ओरोसा या फिलिपिनो अन्नतंत्रज्ञ बाईंना दिलं जातं. 1945 मध्ये मनिलाच्या लढाईत त्यांचा मृत्यू झाला.

प्रश्न : आधी करून ठेवता येतात का? एअर फ्रायर चालतो? (नागपूर)

उत्तर : कच्चे रोल ताटात सुटे गोठवा, मग पिशवीत भरा. दोन महिने चांगले राहतात. तळताना सुटू देऊ नका, गोठलेलेच 160 अंशांच्या तेलात सोडा आणि सात-आठ मिनिटं द्या. वर साठलेला बर्फ मात्र झटकून घ्या, तेल उडतं. एअर फ्रायरमध्ये सगळीकडून तेलाचा हात लावून 190 अंशांवर दहा-बारा मिनिटं, मधे एकदा उलटून. कुरकुरीत होतात, पण पापुद्रा तळलेल्यासारखा हलका होत नाही.

प्रश्न : याच पारीत केळं घालून गोड करतात असं ऐकलं. (वसई)

उत्तर : तो तुरोन. त्यासाठी तिकडे साबा जातीची घट्ट केळी वापरतात. तुमच्याकडची पिकलेली राजेळी त्या जागी चपखल बसते, वेलची केळी विरघळून जातात. केळ्याचे उभे दोन भाग करा, ब्राऊन शुगरमध्ये घोळवा, शेजारी काप्या फणसाच्या गऱ्याची पट्टी ठेवून गुंडाळा. 170 अंशांच्या तेलात रोल किंचित रंगले की तेलातच 3-4 मोठे चमचे ब्राऊन शुगर भुरभुरा. ती वितळून रोलवर चढते, रोल सतत फिरवत राहा. गूळ वापरू नका, तो लवकर करपतो. बाहेर काढल्यावर रोल एकमेकांना लागू देऊ नका आणि कागदावर ठेवू नका, पाक कडक झाला की कागद सुटत नाही. तेल लावलेल्या जाळीवर ठेवा. त्या तेलात साखर जळलेली असते, म्हणून खाऱ्या रोलांचे घाणे आधी काढून तुरोन शेवटी तळा.